न्हाव्यासाठी लिहिलेलं प्रार्थनेचं पुस्तक, सात महिने वापरून बघितलं

मार्टिन ल्यूथरनं आपल्या न्हाव्याला प्रार्थनेवर लिहिलेल्या पुस्तिकेबद्दल सांगतोय, पण आधीच सांगून ठेवतो, मी लुथेरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथातला, नाही. आमचं घराणं प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणातलं, म्हणजे १८५२ ला रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि तिथनं पुढं जी मंडळी उभी राहिली त्यातलं, वायल्डर मेमोरियल चर्च म्हणतो ते ह्यांच्याच नावाचं. ल्यूथर चर्चच्या शब्बाथ शाळेत धड्यात एकदा येऊन गेलेला, १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, पापक्षमेच्या विक्रीविरुद्धचे पंच्याण्णव मुद्दे, बास, पुढं काय झालं ते परीक्षेला नव्हतं. लुथेरन लोक आपल्या बाजूला माझ्या तरी पाहण्यात नाहीत, ते तिकडं तामिळनाडूत, जिथं १७०६ साली त्रांकबारला जर्मन मिशनरी झीगेनबाल्ग उतरला, नाहीतर आंध्रात गुंटूरकडं, नाहीतर रांचीला. माझा मावसभाऊ रांचीलाच नोकरीला आहे, तो नाताळात आला तेव्हा ही पुस्तिका हातात टेकवून गेला, म्हणाला दादा वाच, तुझ्या कामाची आहे. मी मनात म्हटलं प्रार्थनेवर आणि एक पुस्तक, घरात आधीच पाच पडलीत आणि पाचही पहिल्या वीस पानांपर्यंतच मळलीत.

तर वस्तू काय आहे ते सांगतो. चाळीसेक पानं, पिन मारलेली, कव्हर अगदी सरकारी, अक्षर एवढं बारीक की चाळिशीचा चष्मा नसंल तर नाद सोडा. इंग्रजीत आहे. आत आहे ते मार्टिन ल्यूथरनं १५३५ साली लिहिलेलं एक लांबलचक पत्र, आणि ते कुणा राजाला नाही पंडिताला नाही तर त्याच्या न्हाव्याला. पीटर बेस्केनडॉर्फ नाव, विटेनबर्गचा, ल्यूथरचा जुना दोस्त. त्यानं विचारलं की माझ्यासारख्या साध्या माणसानं प्रार्थना करायची कशी, आणि ह्यानं उत्तरादाखल आख्खी पुस्तिकाच लिहून छापली. मला ही गोष्टच आधी आवडली. नाहीतर आपल्याकडं पाळक साहेबांना असं काही विचारलं की ते म्हणतात अंतःकरणापासून करा, आता अंतःकरणापासून म्हणजे कुठनं ते कोण सांगणार.

ह्यात अंतःकरणाची भानगड पहिल्या पानावर नाहीच. पहिल्या पानावर म्हातारा सरळ कबूल करतो की मला स्वतःलाच कामामुळं नाहीतर डोक्यातल्या विचारांमुळं प्रार्थनेचा कंटाळा येतो, मन गार पडतं, मग मी माझं स्तोत्रांचं छोटं पुस्तक घेतो, खोलीत पळतो, नाहीतर उपासनेची वेळ असंल तर चर्चला जातो, आणि बायबलातल्या दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली), वेळ असंल तसं ख्रिस्ताची किंवा पौलाची वचनं नाहीतर स्तोत्रं, असं एखाद्या पोरासारखं तोंडानं म्हणत बसतो. पन्नाशी उलटलेला माणूस, बायबल जर्मनमध्ये आणलेला, आणि तो म्हणतो मी पोरासारखं पाठ म्हणतो! मला एकदम हलकं वाटलं बघा.

दुसरी गोष्ट सांगतो ती तर माझ्या घरात येऊन बघून लिहिल्यासारखी. सकाळचं पहिलं काम आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना असू दे, आणि त्या विचारापासून सांभाळ जो म्हणतो थांब थोडं, तासाभरानं करू, आधी हे एवढं उरकून घेऊ. कारण हे उरकलं की दुसरं येतं, दुसरं उरकलं की तिसरं, आणि दिवस गेला. माझं रोजचं असंच होतं. साडेपाचचा गजर, मग दूध, मग पाणी आलंय का बघ, मग मोबाईल, त्यात आमच्या तीन ग्रुपवर गुलाबाच्या फोटोवर लिहिलेली वचनं आलेली असतात त्यांना हात जोडलेले टाकायचे, की झालं आपलं मनन. (ग्रुपवाल्यांनी राग मानू नये, मीपण टाकतो.)

आता गंमत सांगतो. पुस्तिका खिशात होती आणि मी शाहूपुरीत आमच्या नेहमीच्या सलूनात बसलेलो, नंबर लागायचा होता. तिथंच तो भाग आला जिथं ल्यूथर न्हाव्याला न्हाव्याच्याच धंद्याचं उदाहरण देतो. चांगल्या कारागिरानं विचार, बुद्धी, नजर सगळं वस्तऱ्यावर आणि केसावर ठेवावं लागतं, कुठपर्यंत आलोय ते विसरून चालत नाही, आणि तो जर गप्पा हाणत इकडंतिकडं बघायला लागला तर गिऱ्हाइकाचं तोंड, नाक, वेळ आली तर गळासुद्धा कापंल. प्रार्थना अशीच, म्हणतो, सगळं मन मागती. मी हे तिथंच मोठ्यानं सांगितलं तर आमचा कारागीर वस्तरा हवेत धरून म्हणाला, "व्हय की, बरोबरच हाय, पण गिऱ्हाईक गप बसतंय कुठं, तुमीच बगा आत्ता कोण बोलायलंय."

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं मला हे वस्तऱ्याचं पटकन पोचलं. जॉब चकमध्ये धरलाय, टूल आत चाललंय आणि लक्ष दुसरीकडं गेलं, बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाईज झाला की संपलं, भंगारात. तिथं देव सुद्धा मटेरियल परत आत भरून देत नाही. मग आपण प्रार्थनेतच हे का खपवून घेतो असं वाटून गेलं. ह्याच्यावर त्यानं एका पाद्र्याचा किस्सा टाकलाय, त्यो तर लई भारी. पाद्री लॅटिनमधनं देवा माझ्या साहाय्याला धाव म्हणतोय आणि मधेच गड्याला विचारतोय गाडी जुंपलीस का रं, परत लॅटिनची ओळ, परत मोलकरणीला, जा गाईची धार काढ. मला गंगावेशीतला दूध कट्टा आठवला, म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन फेसासकट पितो आपण तिथं. म्हटलं हा पाद्री कोल्हापुरात शोभला असता. मग लक्षात आलं की आमच्या घरच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी स्वतः डोळे मिटून "हे दयाळू पित्या" म्हणता म्हणता "गॅस बारीक कर" म्हटलेलं आहे, आणि ते बायकोनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलेलं आहे.

बरं, रीत काय. ती म्हणजे ह्या पुस्तिकेचा मुद्देमाल. एक आज्ञा घ्यायची, नाहीतर येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली एक विनंती, आणि तिचा चार पदरी गजरा वळायचा. त्याचा शब्द जवळपास असाच आहे, चार पिळाची माळ. पहिला पदर, ह्यात मला शिकवलंय काय. दुसरा, ह्याबद्दल आभार कशाचे मानू. तिसरा, माझं चुकलंय कुठं. चौथा, मग मागू काय. तोच दुसऱ्या शब्दांत म्हणतो की एकच ओळ आधी शाळेचं पुस्तक, मग गाण्याचं, मग पापकबुलीचं, मग प्रार्थनेचं पुस्तक होते. बास, एवढीच रीत. घरी अंबाड्यावर गजरा आईनं वळताना बघितलाय तसं दोरा हातात असला की फुलं आपोआप बसत जातात, तसं काहीसं होतं. मनात भाव येईपर्यंत वाट बघायची नाही, हाताला काम लावायचं, भाव आला तर आला.

आणि आला तर काय करायचं तेही सांगितलंय, ही मला सगळ्यात हुशारीची जागा वाटली. म्हणतो, हे करताना मधेच चांगले विचार जोरात यायला लागले तर माझी ही रीत सोडून दे, गप बस, ऐक, पवित्र आत्मा स्वतः उपदेश करायला लागलाय, त्याचं एक वाक्य आपल्या हजार वाक्यांना भारी. स्वतःच्याच पुस्तकाला बाजूला ठेव म्हणणारा लेखक मी तरी पहिल्यांदा बघितला. आणि सगळ्या आज्ञा एका बैठकीत उरकू नको, थकशील, प्रार्थना लांब नको, वारंवार आणि तळमळीची हवी असंही म्हणतो. (आमच्या काही वडील मंडळींना हे पान फोटो काढून पाठवावं असं फार मनात आलं, शेवटची प्रार्थना पंचवीस मिनिटं आणि मटण चुलीवर.)

आता अडचणी. पहिली मोठी अडचण आपल्या लोकांना येणारच म्हणून नीट सांगतो. ल्यूथरच्या दहा आज्ञांचे नंबर आणि आपले नंबर जुळत नाहीत. आपल्याकडं कोरीव मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञा. तो ती वेगळी मोजत नाही, पहिलीतच धरतो, त्यामुळं आपली चौथी शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, ती त्याची तिसरी, आईबापांचा मान राख ही आपली पाचवी ती त्याची चौथी, असं एकेक घर सरकत जातं आणि शेवटी लोभ धरू नको ह्याचे दोन भाग करून तो दहा पुऱ्या करतो. मी वहीत तारखा टाकून बसलेलो, अमुक दिवशी अमुक आज्ञा, आणि मधेच गणित चुकायला लागलं, मला वाटलं पानंच गहाळ आहेत. पुस्तिका छापणाऱ्यांनी एक तळटीप टाकायला काय जात होतं. तसंच प्रभूची प्रार्थना, तो सात विनंत्या करतो आणि थेट आमेन, आपलं "राज्य, पराक्रम व गौरव" शेवटी नाही. पहिले दोन आठवडे मला जिना उतरताना शेवटची पायरी नसल्यासारखं वाटायचं.

पण आमेनवर त्यानं जे लिहिलंय त्यानं ती पायरी भरून काढली. आमेन जोरानं म्हण, देव ऐकतोय ह्यात शंका ठेवू नको, आणि तू एकटा गुडघे टेकून नाहीस, सगळी ख्रिस्ती मंडळी तुझ्याबरोबर उभी आहे असं समज, आणि "हे देवानं ऐकलंय" एवढं म्हटल्याशिवाय किंवा मनात आणल्याशिवाय उठू नको. मी सकाळी पावणेसहाला एकटा स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसलेला असतो, बाहेर पाण्याच्या मोटारी चालू, त्यात हे बरं वाटतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो प्रभूच्या प्रार्थनेचा भाग, आणि त्यातही पाचवी विनंती, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे". आपल्या मराठी बायबलात ऋण शब्द आहे हे किती चांगलं. ल्यूथरच्या जर्मनमधल्या शब्दाचाही अर्थ देणं आणि दोष दोन्ही होतो म्हणे, मावसभावानं सांगितलं. आता माझं असं आहे की एका ओळखीच्या माणसानं माझे चाळीस हजार बुडवलेत, धंद्यातले, लिहून काही नाही, आणि तो दर रविवारी भेटतो, हसून जय ख्रिस्त म्हणतो. ही ओळ मी आयुष्यभर म्हणत आलोय पण चार पदर काढायला बसलो तेव्हा तिसऱ्या पदरावर अडकलो, तीन दिवस. शिकवण कळली, आभारही झाले, माझी स्वतःची देणी कुठकुठं माफ झालीत ते आठवलं, पण तिसऱ्यात लिहायचं काय. चौथ्या दिवशी वहीत फक्त एवढं लिहिलं की मला सोडायचं नाहीये, मला सोडायची इच्छा दे. पैसे अजून आलेले नाहीत. पण मी आता रस्ता ओलांडून पलीकडनं जात नाही एवढा फरक आहे, हा रिव्ह्यूमध्ये लिहिण्यासारखा आहे का माहीत नाही पण लिहिला.

चौथी विनंती, रोजची भाकर. मला वाटायचं भाकर म्हणजे भाकर, भाकरी आमटी ठेचा. पत्रात तो ह्यात पोटापाण्याबरोबर राज्यकर्ते, शांतता सगळं ओढतो, आणि मग मावसभावानं ल्यूथरच्या १५२९ च्या धर्मशिक्षणाच्या छोट्या प्रश्नोत्तरीतलं पान फोटो काढून पाठवलं, तिथं तर यादीच आहे, अन्न, कपडे, पायताण, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगलं सरकार, चांगलं हवामान, चांगले शेजारी. पायताण बघून मी कोल्हापूरकर म्हणून खूश झालो. पण हवामान ह्या शब्दाला मी जुलैत पोचलो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललेली, ४३ ला धोका, आणि २०१९ ला ५५ च्या वर गेलेली आम्ही बघितलीय, तेव्हा बहिणीच्या घरात पहिल्या मजल्याला पाणी होतं. त्या आठवड्यात चांगलं हवामान हे दोन शब्द मागताना मला कुठली रीतबीत लागली नाही, चारी पदर एकदम. पाणी ह्या खेपेला उतरलं. मी त्याचा हिशोब प्रार्थनेच्या खात्यावर टाकत नाही, धरणाचे दरवाजेपण असतात, पण आभाराचा पदर मात्र लांबला त्या दिवशी.

आता जे आवडलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या पहिल्याच विनंतीत तो तुर्क, पोप आणि खोटे शिक्षक ह्यांच्यावर घसरतो आणि पुढंही अधनंमधनं तेच. काळ समजून घेतो, १५२९ ला ऑटोमन फौजा व्हिएन्नाच्या वेशीला भिडलेल्या, लोक घाबरलेले, पोपशी ह्याचं उभं वैर. पण मी ज्या गल्लीत राहतो तिथं शेजारी मुसलमान आहेत, पूर आला तेव्हा बहिणीचं सामान त्यांच्या टेम्पोतनं आलं, वर्कशॉपातला जोडीदार गोव्याचा कॅथलिक, मी सकाळी उठून ते वाक्य कुठल्या तोंडानं म्हणणार. मी ते पेन्सिलनं खोडलं. आणि ल्यूथरनं पुढं १५४३ ला ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते तर वाचवतच नाही, बऱ्याच लुथेरन मंडळ्यांनी ते उघडपणे नाकारलंय आणि बरं केलंय. पुस्तिकेला प्रस्तावना आहे पण ती ह्या सगळ्यावर गप्प आहे. हे मला खटकलं. गुणगान गाता तर एवढंही सांगा.

विश्वासांगीकाराचा भाग तुलनेनं आखूड आहे, निर्मिती, तारण, पवित्रीकरण असे तीन तुकडे, प्रत्येकाला तेच चार पदर, पण तिथं मला हाताला काही लागलं नाही. कदाचित आज्ञांमध्ये दम संपला असंल, त्याचा किंवा माझा.

आणि एक गोष्ट जी पुस्तिकेत नाही, ती मी नंतर शोधून वाचली आणि दोन दिवस डोक्यातनं जाईना. ज्या पीटरसाठी हे लिहिलं, त्याच पीटरनं त्याच वर्षी, १५३५ ला, ईस्टरच्या आदल्या दिवशी जेवणाच्या बैठकीत स्वतःच्या जावयाला सुरा मारला. जावई शिपाई होता, मला कसला घाव लागत नाही अशी फुशारकी मारत होता, आणि ह्यानं खरं का ते बघितलं. जावई मेला. ल्यूथर आणि इतर दोस्तांनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण घरदार गेलं आणि गाव सोडून डेसाऊला जावं लागलं. म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं हे झालं. वस्तऱ्यावर लक्ष ठेव म्हणून ज्याला सांगितलं त्याच्याच हातात सुरा. मी हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली मग कशाला वाचताय असलं पुस्तक. मला उलट वाटलं. मला वाटलं की हे कुणा संताला लिहिलेलं नाही म्हणून माझ्यासारख्याला चालतं. तिसरा पदर उगीच ठेवलेला नाही त्यानं.

घरातनं आलेली तक्रार एकच, ती आत्याची. त्या छोट्या प्रश्नोत्तरीत सकाळी उठल्यावर क्रुसाची खूण कर असं आहे, आणि मग प्रार्थना करून गाणं म्हणत आनंदानं कामाला जा. मी दोनचार दिवस खूण करून बघितली तर आत्यानं बघितलं आणि आख्ख्या महिला संघात केलं की पोरगा कॅथलिक व्हायलाय. गाणं म्हणत कामाला जा हे मात्र मी उचललंय, उपासना संगीत ह्या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणत गाडी काढतो, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला ते बंद पडतं आणि दुसरीच भाषा सुरू होते, पण निघताना तरी असतं. रात्रीचं पण तसंच आहे, प्रार्थना कर आणि लगेच आनंदानं झोप. लगेच हा शब्द मला फार आवडला. मोबाईल नाही काही नाही.

कुणी घ्यावी? ज्याची प्रार्थना छान चाललीय त्यानं घेऊ नये, गरज नाही. ज्याला पाठ आहे सगळं पण तोंडातनं नुसतं घरंगळतं त्यानं घ्यावी, ल्यूथर म्हणतोच की प्रभूची प्रार्थना ही जगातली सगळ्यात मोठी हुतात्मा आहे, जो तो तिला छळतो, आणि मी आजही लेकरासारखा तिला चोखतो, म्हाताऱ्यासारखा खातो पितो आणि पोट भरत नाही. तरुण संघाच्या पोरांना द्यायची असंल तर आज्ञांच्या नंबरांचा कागद आत चिकटवून द्या आणि तुर्क-पोपवाली वाक्यं आधी समजावून सांगा. इंग्रजी जड जात असंल तर पुस्तिकेची वाट बघू नका, रीत एवढीच आहे, वर सांगितली, वही घ्या आणि बसा. पाचात मी चार देतो, एक कापला तो प्रस्तावनेचा आणि बारीक अक्षराचा मिळून.

माझी प्रत सध्या माझ्याकडं नाही. आत्यानं "बघू तरी काय आहे ते" म्हणून नेली, भिंग घेऊन वाचते म्हणे, आणि आठवं पान आलं की फोन करते की हा पाद्री गाईची धार काढायला कुणाला सांगतोय ते परत सांग.